पायाखालची जमीन

इ.स. २७. रोमजवळच्या फिदेनी गावात आतिलियस नावाच्या माणसाने लाकडी अॅम्फिथिएटर उभारलं. ग्लॅडिएटरच्या झुंजी लावायच्या आणि पैसा करायचा, एवढाच त्याचा हिशेब. पाया भक्कम जमिनीपर्यंत गेलाच नाही, वरचा सांगाडाही नीट जखडला नाही. सम्राट तायबेरियसला अशा खेळांचं वावडं होतं, त्यामुळे रोमचे लोक खेळासाठी आसुसलेले. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळेच फिदेनीला लोटले आणि गच्च भरलेला तो सांगाडा कोसळला. मेलेले आणि जायबंदी झालेले मिळून पन्नास हजार, असा आकडा इतिहासकार टॅसिटस देतो. ढिगाऱ्यात अर्धमेले पडलेले लोक आपल्या बायकापोरांना दिवसा नजरेने आणि रात्री विव्हळण्यावरून ओळखत होते, असंही त्याने नोंदवलं आहे.

आतिलियस हद्दपार झाला. चार लाख सेस्टर्सची मालमत्ता नसेल त्याने झुंजी भरवू नयेत आणि जमीन पारखल्याशिवाय अॅम्फिथिएटर बांधू नये, असे नियम सेनेटने केले.

‘गर्दी’ हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय. त्याची सुरुवात फिदेनीपासून करण्याचं कारण एवढंच, की गर्दीच्या जिवाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तिथे कायद्याच्या भाषेत विचारला गेला.

त्यानंतर अर्धशतकाने, इ.स. ८० मध्ये, सम्राट टायटसने कोलोसियमचं उद्घाटन केलं. खेळ शंभर दिवस चालले. ही जागा म्हणजे आधीच्या सम्राट नीरोच्या महालातलं तळं. टायटसचे वडील सम्राट व्हेस्पेशियन यांनी ते बुजवून तिथे लोकांसाठी वास्तू उभारायला घेतली. तळ्याच्या जागी एवढा डोंगर तोलायचा म्हणून काँक्रीटचा प्रचंड लंबवर्तुळाकार पाया घातला. वर १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद इमारत, तळमजल्यावर ८० कमानी. त्यांतल्या ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते आणि काही आजही वाचता येतात. ज्याने त्याने आपल्या कमानीतून शिरायचं, ठरलेल्या जिन्याने आपल्या पायऱ्यांपर्यंत जायचं. हजारोंची गर्दी चेंगराचेंगरीविना आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची ही युक्ती थक्क करणारी आहे.

पण कोणी कुठे बसायचं हेही दगडातच ठरलेलं होतं. पुतेओली गावच्या खेळांत एका सेनेटरला कोणी जागा दिली नाही, एवढ्या निमित्ताने सम्राट ऑगस्टसने आधीच कडक नियम केले होते. पहिली रांग सेनेटरांची. सैनिक वेगळे, विवाहित सामान्यजन वेगळे, मुलांच्या शेजारी त्यांचे शिक्षक. व्हेस्टा देवीच्या पुजारिणींचा, म्हणजे व्हेस्टल कुमारिकांचा, मान राखलेला, बाकी बायका मात्र सर्वांत वर. रोमच्या समाजाची उतरंड याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

आणि गर्दी हाताळणारी हीच बुद्धी रिंगणाच्या खालीही राबली. टायटसनंतरच्या सम्राट डोमिशियनच्या काळात तळघर झालं. तिथून हिंस्र पशूंचे पिंजरे दोरखंडांनी वर ओढले जात. प्रेक्षकाच्या जिवाला इतकं जपणाऱ्या रचनेत समोर मरणाऱ्या कैद्याला, गुलामाला मोल नव्हतं. कोलोसियमचं कौतुक करताना हे विसरणं अन्यायाचं आहे.

तरीही सामान्य रोमकराला सम्राटासमोर आवाज चढवायची संधी मिळे, ती अशा खेळांतच. सम्राट कॅलिगुलाच्या काळात रथशर्यतींना जमलेल्या लोकांनी करकपातीची मागणी केली. ओरडणाऱ्यांना पकडून ठार मारण्याचा हुकूम सुटला.

पाँपेईत तर इ.स. ५९ मध्ये स्थानिक आणि शेजारच्या नुकेरियाचे प्रेक्षकच एकमेकांवर तुटून पडले. आधी शिव्या, मग दगड, मग शस्त्रं. सेनेटने पाँपेईत अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. तिथल्या एका घराच्या भिंतीवर रंगवलेली ही दंगल आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. हाणामारी रिंगणात आहे, तशीच पायऱ्यांवर आणि बाहेरच्या टपऱ्यांपाशीही आहे. या अंकातले लेखही खेळाडूंपेक्षा त्या पायऱ्यांवरच्या माणसांकडे अधिक पाहतात.