स्वारगेट परिसरातील अत्यावश्यक सेवांच्या सायबर सुरक्षेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पुणे

विषय : एसटी, पीएमपी, मेट्रो, पाणीपुरवठा व मार्केट यार्ड यांवरील संभाव्य सायबर हल्ल्याचा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात समावेश करून पहिली रंगीत तालीम स्वारगेट येथे घेण्याबाबत.

महोदय,

आम्ही स्वारगेट, मुकुंदनगर व गुलटेकडी भागातील रहिवासी, मार्केट यार्डातील आडते, गाळेधारक, हमाल-तोलणार आणि मालवाहतूकदार हे निवेदन सादर करीत आहोत.

स्वारगेट चौकात एसटीचे स्थानक, पीएमपीचे मुख्य कार्यालय आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. पर्वती जलकेंद्र आणि मार्केट यार्डही हाकेच्या अंतरावर. तिकिटापासून पट्टीपर्यंतचा कारभार आता संगणकावर आला आहे आणि त्यातील बरेचसे काम बाहेरचे ठेकेदार सांभाळतात. प्रत्येक कार्यालय आपापल्या दाराला कुलूप लावते. पण ठेकेदाराकडे असलेल्या किल्लीची नोंद ठेवणे कोणाच्या कामात बसते, हे एकदा ठरले पाहिजे.

सायबर हल्ल्याची भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि २८ देशांतील एटीएममधून रोकड निघाली. २१ मार्च २०२१ रोजी एमआयडीसीचे सर्व्हर खंडणीखोर व्हायरसने बंद पाडले. मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांचे ऑनलाइन काम थांबले.

पण आम्हा मालवाहतूकदारांना जास्त बोलके वाटते ते न्हावा शेवा बंदराचे उदाहरण. २७ जून २०१७ रोजी तेथील एक कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. हल्ला ना बंदरावर होता, ना भारतावर. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून व्हायरस पसरला, तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्याच समूहाचे टर्मिनल असल्यामुळे आपल्या दारात आला. कंपनीला जगभरात सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीवर असाच प्रसंग आला, आणि खबरदारी म्हणून तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० बँका पेमेंटच्या जाळ्यातून काही काळ तोडाव्या लागल्या. चूक कोणाची आणि गैरसोय कोणाची, याचा मेळ अशा घटनांत कधीच बसत नाही.

कायद्यात आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील आपत्तीच्या व्याख्येत मानवनिर्मित कारणेही येतात आणि जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. सायबर घटना सहा तासांच्या आत कळवावी व यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, म्हणजे सर्ट-इनचे, एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात. वाहतूक आणि वीज ही क्षेत्रे केंद्राने अतिमहत्त्वाच्या माहिती-यंत्रणांत धरली आहेत; शेतमालाची घाऊक बाजारपेठ मात्र त्यात दिसत नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशात अन्नाचे उत्पादन आणि वितरणही घेतले आहे. पुण्याच्या भाजीपाल्याला तेवढे महत्त्व द्यायला हरकत नसावी.

यास्तव आमची मुख्य मागणी अशी, की आराखड्यात सायबर हल्ल्याचे स्वतंत्र प्रकरण घालावे आणि त्यात या पाचही सेवांचा एकेक जबाबदार अधिकारी हुद्द्यासह नेमून द्यावा, जो रात्री दोन वाजताही फोन उचलेल. यार्डात माल त्याच वेळी येत असतो.

दुसरी मागणी ठेक्यांची आहे, आणि ती आम्हाला सर्वांत निकडीची वाटते. तिकीटयंत्रे, सॉफ्टवेअर, पंपांचे नियंत्रण यांची दुरुस्ती करणारे लोक दुरून यंत्रणेत शिरतात. हा प्रवेश कायम उघडा नसावा. काम असेल तेव्हा, मागितल्यावर, दोन टप्प्यांच्या ओळखीनंतर आणि नोंद ठेवूनच तो मिळावा. ठेकेदाराच्या स्वतःच्या कार्यालयात हल्ला झाला तरी तत्काळ कळवण्याची अट, दंडासह, प्रत्येक करारात असावी. नव्या निविदांपुरते हे ठेवून चालणार नाही. चालू करारांनाही पुरवणी जोडावी. सर्वांत कमी दराचा निकष लावताना या अटींची किंमत धरली जात नसेल, तर तो दर स्वस्त म्हणता येणार नाही.

जलकेंद्राचे पंप चालवणारी यंत्रणा कार्यालयीन मेल-इंटरनेटपासून पूर्ण वेगळी ठेवावी. व्हॉल्व्ह हाताने चालवू शकणारे अनुभवी कर्मचारी निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून नव्यांना शिकवून घ्यावे. एसटी आणि पीएमपीच्या आगारांत किमान एक दिवस पुरेल इतकी कागदी तिकिटे असावीत. ट्रे हातात घेऊन गर्दीत तिकीट फाडणे वाटते तितके सोपे नाही, त्याचाही सराव लागतो. सर्व माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि ती प्रत्यक्ष चालू करून पाहावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या आवारात तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर बसस्थानकांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. रक्षक, दिवे, कॅमेरे यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र कॅमेरेही जाळ्यावर चालतात. त्यांचे पासवर्ड आणि त्यांची जोडणी हीसुद्धा सुरक्षाच आहे.

तपासणीसाठी पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेची मदत घ्यावी. सापडलेल्या त्रुटी जाहीर कराव्यात असे आम्ही म्हणत नाही, ते धोक्याचे ठरेल. तपासणी कोणी केली, कधी केली आणि दुरुस्ती पूर्ण झाली की नाही, एवढे नागरिकांना कळावे. यार्डातील लहान गाळेधारकांसाठी राज्याच्या ‘महाराष्ट्र सायबर’ विभागामार्फत मराठीतून प्रशिक्षण व्हावे; ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने ‘बँक खाते बदलले आहे’ असा मेल आला तर पैसे पाठवण्याआधी फोन करायचा, येथपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ.

रंगीत तालमीत यंत्रे खरोखर बंद करावीत. कागदावर उरकलेली तालीम नको. आषाढी वारीसाठी स्वारगेटवरून जादा गाड्या सुटतात, त्या गर्दीच्या किमान महिनाभर आधी ती व्हावी. तत्पूर्वी संबंधित सर्व यंत्रणांसह आमच्या प्रतिनिधींची बैठक आपल्या दालनात बोलवावी आणि या निवेदनावरील कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वारगेट, मुकुंदनगर व गुलटेकडी परिसरातील रहिवासी, व्यापारी, कष्टकरी व मालवाहतूकदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पीएमपीएमएल
मा. विभाग नियंत्रक, एसटी, पुणे विभाग
मा. सचिव, कृषी उत्पन्न बाजार समिती, पुणे