गोंदलेली तारीख

दारू सोडल्याची खूण म्हणून कोणी हातावर तारीख गोंदवून घेतली, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. ‘तारीख गोंदवून कुठे दारू सुटते काय?’ असे विचारतो. मीही एकदा हसलो होतो. त्या हसण्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

माझ्या आईचे माहेर ग्वाल्हेरचे. शिंद्यांच्या मागोमाग उत्तरेत जाऊन तिथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. पूर्वी घर लष्कर भागात होते, आता मोरारच्या बाजूला थाटीपूरमध्ये आहे. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात हिंदी इतकी मिसळली आहे की आम्हा बेळगावकडच्यांना गंमत वाटते. आमच्या मराठीतल्या कानडीची त्यांनाही तेवढीच गंमत वाटते, ते सोडा. या घरात माझे मामा राहतात. एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करतात. त्यांची हकीकत त्यांना विचारूनच लिहीत आहे. नाव देत नाही.

मामा वीस वर्षे पीत होते. आधी सणावारी, मग रविवारी, मग रोज, आणि शेवटी सकाळी उठल्यावरसुद्धा. मामींनी काय सोसले ते मी सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना ते माहीत आहे. १५ जानेवारी २०२३ ला त्यांनी दारू बंद केली. नुसती बाटली फेकली नाही, डॉक्टरांकडे गेले. हे मुद्दाम लिहितो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पुढच्या दोन-चार दिवसांत थरथर सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार जिवावर बेतू शकतात. तिथे नुसता निर्धार पुरत नाही, औषधोपचार लागतो.

ग्वाल्हेरला हिवाळ्यात मोठा व्यापार मेळा भरतो. माधवराव शिंद्यांनी तो १९०५ साली सुरू केला. थाटीपूरहून तो फार दूर नाही. दारू सोडून महिनाही झाला नव्हता, तोच मामा मेळ्यात गेले आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ‘१५-१-२३’ असे गोंदवून आले. घरी आल्यावर मामी रागावल्या. हे काय पोरकटपण, असे त्यांचे म्हणणे. मामा म्हणाले, “ग्लास ह्याच हातानं उचलतो ना मी? मग आता उचलताना दिसेल.”

त्याच वर्षी १ एप्रिलपासून मध्य प्रदेश सरकारने दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद केल्या. मामांना ते बरे वाटले. दुकानातून परतताना वाटेवरचा त्यांचा जुना अड्डाच उठला. पण सोबती काही उठले नाहीत. कोणाच्या गाडीत, कोणाच्या गच्चीवर त्यांच्या बैठकी चालूच राहिल्या. मामा मात्र अकरा महिने कोरडे राहिले.

डिसेंबरमध्ये नात्यात लग्न होते. आम्ही बेळगावहून गेलो होतो. वरातीच्या मागे एका गाडीच्या डिकीत बाटल्या होत्या, हे घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक होते. मामांना दोघातिघांनी धरले. मामांनी मनगट पुढे केले. त्यावर एक जण म्हणाला, “एका घोटानं काय तारीख पुसली जाणार आहे?” सगळे हसले. मी तिथे उभा होतो. मीही हसलो. मामांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले आणि ग्लास घेतला.

पुढचे नऊ महिने पुन्हा तेच. फरक एवढाच, की आता हातावर तारीख होती. गल्लीतली पोरे विचारू लागली, “काका, कुठल्या सालातली?” ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाची गुंडी लावून हिंडत. डॉक्टरांकडे परत जायचे म्हणजे हात पुढे करावा लागणार, म्हणून तिकडेही जाईनात. ज्या खुणेने त्यांना आधार द्यायचा, तिनेच त्यांची वाट अडवली.

आता येथे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, संकल्प मनात असावा, कातड्यावर लिहून काय होणार? हे मला पटत नाही. मनातल्या मनात केलेले संकल्प मनातल्या मनातच मोडतात, आणि व्यसनी माणसाला फसवण्यात त्याच्या मनाइतके पटाईत दुसरे कोणी नसते. आपल्याकडे तर बाहेरच्या खुणेला मान आहे. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा मांस-मद्य सोडल्याचे सर्वांना कळते. ‘तो माळकरी आहे’ म्हटले की कोणी आग्रह करीत नाही. माळ जितकी घालणाऱ्यासाठी असते, तितकीच पाहणाऱ्यासाठीही असते. गोंदणही आपल्याला नवे नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर आणि हातांवर ते होतेच. कानडीत त्याला ‘हच्चे’ म्हणतात. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे त्या म्हणत.

दुसरा पक्ष आजकालच्या तरुणांचा. त्यांच्या मते एकदा गोंदवले की झाले, आता माघार नाही. हेही खरे नाही. सुईने रंग कातडीच्या वरच्या थरात नव्हे, त्याच्या खालच्या थरात घातला जातो. वरची कातडी सतत झडून नवी येते, खालचा रंग राहतो. म्हणून गोंदण टिकते. पण टिकतो तो रंग. निश्चय रोज नव्याने करावा लागतो. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मंडळींचा आग्रहच असा, की जन्मभराची शपथ घेऊ नका, आजचा दिवस न पिता काढा. तिथे किती दिवस झाले याच्या खुणेची नाणी देतात. घसरला तर माणूस पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. माळही उतरवून ठेवता येते आणि पुन्हा घालता येते. गोंदलेल्या तारखेला मात्र परतीची वाट नसते. आणि दारूचे व्यसन तर असे, की बरा झालेला माणूस पुन्हा घसरतो, कित्येकदा घसरतो, आणि तरीही पुढे कायमचा सुटतो.

मामा सुटले का? सप्टेंबर २०२४ मध्ये मामींनीच त्यांना डॉक्टरांकडे नेले. थोडे सावरल्यावर ते गोंदणाऱ्याकडे गेले. या वेळी मेळ्यात नव्हे, नवी सुई डोळ्यांदेखत फोडणाऱ्या दुकानात. (एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ आणि एड्स यांचा संसर्ग होऊ शकतो, हे आपल्या रक्तदान करणाऱ्या मित्रांना सांगायला नको.) दुकानातला मुलगा म्हणाला, “अंकल, जुनी तारीख झाकून वर त्रिशूळ काढून देतो, कळणारसुद्धा नाही.” मामा नको म्हणाले. जुन्या तारखेच्या खाली त्यांनी दुसरी गोंदवून घेतली : ‘११-९-२४’.

गेल्या मे महिन्यात थाटीपूरला गेलो तेव्हा त्यांचा हात मी जवळून पाहिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. मी विचारले, “मामा, वरची झाकून का नाही टाकली?” ते म्हणाले, “अरे, तू कॉमर्सचा ना? चुकीची नोंद खोडतात का कधी? ते अकरा महिने मी खरंच नव्हतो प्यायलो. ते जमेला आहेत. मधले नऊ नावे आहेत. दोन्ही दिसू देत.”

मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण हा धडा मला मामांकडून कळला. रोजकीर्दीत चूक झाली तर खाडाखोड करीत नाहीत, दुरुस्तीची नोंद घालतात. आता तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या संगणकावरील हिशेबातही प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. हिशेब विश्वासाला पात्र ठरतो तो त्यात चूक झाली नाही म्हणून नव्हे, तर झालेली चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही त्यात दिसतात म्हणून. मामांच्या हाताचे तसेच आहे. दोन तारखांचा तो हात मला एका तारखेच्या हातापेक्षा अधिक खरा वाटतो.

म्हणून माझे मत असे. दारू सोडणाऱ्याला गोंदवून घ्यावेसे वाटले तर त्याला हसू नये. पण त्याने घाई करू नये. आधी उपचार, मग सोबत, आणि खूण त्यानंतर. अशी सोबत देणारी माणसे आपल्या दोन्ही भाषांत आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. आपल्या कर्नाटकात धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरे गावोगाव भरतात, आणि शिबिर संपल्यावर ती माणसे एकत्र राहावीत म्हणून नवजीवन समित्या असतात. या अंकाच्या कन्नड विभागातल्या कित्येक मित्रांच्या गावी त्या असतील. आणि इतके करून तारीख गोंदवायचीच असेल, तर खाली जागा सोडावी. ती जागा घसरण्याची परवानगी नव्हे, परत येण्याची आहे.

पण खरे म्हणजे हा लेख दारू सोडणाऱ्यांसाठी नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्याप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना या कामी मदतीची गरज आहे. एवढी माणसे म्हटली तर आपल्या प्रत्येकाच्या वरातीत, प्रत्येकाच्या पंगतीत एखादा तरी आहे. त्याच्या हातावर तारीख असेल किंवा नसेल. त्याने ‘नको’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा आग्रह न करणे एवढे तरी आपल्या हातात आहे. सरकारने अहाते बंद केले, ठीक केले. पण आपल्या गाडीची डिकी सरकार बंद करू शकत नाही. ती आपणच बंद करायची.

माझ्या मामेबहिणीचे लग्न येत्या हिवाळ्यात थाटीपूरलाच आहे. बाटल्यांची गाडी वरातीत नको, असे मी भावंडांना आताच सांगून ठेवले आहे. काही जण ‘बघू’ म्हणाले, काही हसले. त्यांनी ऐकले नाही, तर वरातीत मी मामांच्या शेजारी चालेन. गेल्या वेळी मी समोर उभा होतो.