अजूबा नको, नोंद हवी

खानदेशात मुसलमानांचा इतिहास विचारा, लोक तुम्हाला एक गंमत दाखवतील. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याला जा, तिथे झुलते मनोरे आहेत. एक हलवला की दुसरा हलत असे. झाले! मनोरे कुणी बांधले, कोणत्या काळात बांधले, ती विद्या कुठून आली, हे विचारणारा कुणी नाही आणि सांगणाराही नाही. शाळेची सहल येते, मुले टाळ्या पिटतात आणि सहल परत जाते.

आमचा आक्षेप गमतीला नाही. गमतीच्या पुढे कुणी जातच नाही, याला आहे. अजूब्याला कर्ता नसतो. मनोरे झुलतात ही करामत ठरली की गवंडी पुसला जातो. अशीच विद्या गुजरातेत अहमदाबादच्या मशिदींतही दिसते. म्हणजे ही करामत नव्हे, कारागिरी आहे. ती शिकलेली आणि शिकवलेली होती. पण हे सांगितले तर मुसलमान या मातीत राबणारा, घडवणारा माणूस ठरतो. ते बहुधा सोयीचे नसावे.

शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला तापीकाठी फारुकी घराण्याच्या कबरी आहेत. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, मुबारक खान १४५७ मध्ये. पहिले चारही फारुकी तिथेच विसावले आहेत. १३८२ पासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत, सुमारे २२० वर्षे या घराण्याने खानदेशावर राज्य केले. खानदेश हे नाव त्यांच्या ‘खान’ या किताबावरून आले की कान्हदेशावरून, यावर विद्वान खुशाल भांडोत. पण जळगाव-धुळ्यातल्या किती पदवीधरांना फारुकी हा शब्द ठाऊक आहे? याच घराण्याने बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला. त्यात शके १५११ चा उल्लेख आहे. मशिदीत संस्कृत! हाही आज अजूबाच वाटतो. त्या काळी मात्र तो राज्य करण्याचा साधा व्यवहार होता.

नोंद नसली की काय होते, ते एरंडोलने दाखवले आहे. गावाला एकचक्रानगरीची दंतकथा चिकटलेली आहे, भीमाची आणि बकासुराची. जुम्मा मशिदीच्या वास्तूला लोक पांडववाडा म्हणत आले. कथा आणि नमाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. २०२३ मध्ये वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून उच्च न्यायालयात गेला. न्यायाचे काम न्यायालय करील. आम्ही एवढेच म्हणतो की दंतकथा ही दंतकथा म्हणून आणि बांधकाम हे बांधकाम म्हणून वेळीच नीट लिहून ठेवले असते, तर कथेचे हत्यार करणे इतके सोपे गेले नसते.

याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे सोडवून त्यांनी साधने गोळा केली. जुन्या मराठी पत्रांत फारसी शब्द किती, हे त्यांनी अक्षरशः मोजले. त्यांची सगळी मते आम्हाला मान्य नाहीत. पण मोजण्याची ती सवय मान्य आहे. दप्तर आणि रुमाल हे शब्दच मुळी फारसीतून आले. ज्या रुमालात मराठ्यांचा इतिहास बांधला, त्यातच आमचाही बांधलेला आहे. तो सोडणार कोण?

इथे बोट आपल्याकडेही वळवले पाहिजे. मशिदीची दुरुस्ती म्हणजे जुन्या दगडावर ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी, ही समजूत आपल्याच विश्वस्तांची आहे. कितीएक शिलालेख असे रंगाखाली गेले असतील! काझी, मुजावर, मुलाणी घराण्यांच्या पेट्यांत मोडी-फारसी सनदा वाळवी खाते आहे आणि आपण संमेलनांत अस्मितेवर ठराव करतो. यावल, रावेर, चोपड्याचे तडवी भिल्ल मुसलमान असूनही आपल्या इतिहासात नाहीत आणि आदिवासी असूनही त्यांच्या इतिहासात नाहीत. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत इंग्रजांपुढे भिल्लांच्या बरोबरीने मकराणीही उभे होते. त्यांची आठवण कोणत्या जमातीने ठेवली?

म्हणून आमची मागणी लहान आहे. भव्य स्मारक नको. धुळ्यात किंवा जळगावात एक खोली द्या. प्रत्येक वस्तूपाशी दोन पाट्या असाव्यात. एकीवर लोक काय सांगतात ते, शक्य तर अहिराणीतच, सांगणाऱ्याच्या गावासह. दुसरीवर कागद आणि दगड काय सांगतात ते, सालासह. एका पाटीने दुसरीला खोडू नये. थाळनेरच्या लेखांचे ठसे तिथे लागावेत, घराघरांतल्या सनदांच्या छायाप्रती लागाव्यात. मोडी आणि फारसी दोन्ही वाचणारी चार मुले-मुली तयार व्हावीत, त्यांचा खर्च जमातींनी उचलावा. लग्नातल्या एका मांडवाचा पैसा त्याला पुरेल.

फरकांड्याच्या मनोऱ्यांकडे बघून पुढच्या पिढीने टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण टाळ्या वाजवून झाल्यावर एखाद्या मुलीने विचारावे, ‘हे बांधले कुणी?’ आणि तिच्या गुरुजींना उत्तर देता यावे.