नव्या छोट्या गाडीचा पिकअप वाढवायचाय आणि वॉरंटीही टिकवायचीय? आधी हा हिशोब बघा

नाकाडोंगरी. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. आजूबाजूला जंगल, जवळच चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आणि सगळीकडे धानाची शेती.

अशा गावात छोटी कार आली की तिच्या वाट्याला येणारं काम शहरातल्या गाडीपेक्षा वेगळं असतं. लग्नसराईत पाच माणसं आणि डिकीभर सामान. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाच्या आसपासचं ऊन आणि फुल एसी. पुढे धानाची पोती लादलेला ट्रक. ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबावा, तर गाडी उचलतच नाही.

मग मोबाईलवर रील्स बघणं सुरू होतं. कुणी सांगतं एअर फिल्टर बदला, कुणी म्हणतं रिमॅप करा, कुणी पाचशे रुपयांची चिप विकतं. आणि गाडी तर अजून वॉरंटीत.

हा प्रश्न आत्ता जास्त लोकांना पडतोय, त्यालाही कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस लागायचा. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात येतात. साहजिकच गावोगाव नव्या छोट्या गाड्या दिसू लागल्या. त्यातल्या बहुतेक कर्जावर घेतलेल्या आणि सगळ्याच वॉरंटीतल्या.

गाडी उचलत का नाही?

उदाहरण घेऊ अल्टो के१० चं. इंजिन एक लिटरचं, ताकद साधारण ६६-६७ हॉर्सपॉवर. गाडीचं स्वतःचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. तिच्यात ६५ किलोची पाच माणसं बसली की झाले ३२५ किलो. वर ५० किलो सामान. म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मं ओझं तिच्या पोटात, आणि इंजिन तेवढंच.

त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ताकदीवर चालतो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनात ऑक्सिजनही कमी जातो. म्हणजे दुपारी गाडी जड वाटते, तो काही भास नसतो.

पेट्रोलही बदललं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटतं. यावरून २०२५ मध्ये बराच गदारोळ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने याचिका फेटाळली. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे भाग ई२० सहन करतील असेच बनवलेले आहेत. त्यामुळे नव्या गाडीच्या वॉरंटीला ई२० चा धोका नाही. धोका आहे तो आपण स्वतः करून घेतलेल्या बदलांचा.

वॉरंटी नेमकी कशाची असते?

मारुतीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. दोन्हींतलं जे आधी होईल ते. इतर कंपन्यांचीही मुदत साधारण तीन वर्षांच्या आसपास असते.

पण वॉरंटी असते ती कारखान्यातल्या दोषाची. वापराने झिजणाऱ्या वस्तू तिच्यात सहसा नसतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर हे झिजले की खर्च मालकाचाच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेकदा ते बनवणारी कंपनी वेगळी देते.

इथूनच एक सोपा नियम निघतो. जे वॉरंटीत नाहीच, ते बदलण्यात जोखीम सगळ्यात कमी. जे वॉरंटीचा गाभा आहे, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीयू, त्याला बाहेर हात लावला की जोखीम सगळ्यात जास्त.

एक वस्तू बाहेरून लावली की वॉरंटी गेली, हे खरं का?

शोरूमच्या काउंटरवर असंच सांगितलं जातं. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

२५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ मुद्दा होता सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला न देण्याचा. त्याच आदेशात आयोगाने वॉरंटीबद्दलही म्हटलं. ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा अर्थ. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद लांबला.

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदाच आहे. आमचेच पार्ट वापरले तरच वॉरंटी, अशी अट तिथे कंपनीला सहसा घालता येत नाही. भारतात वॉरंटीपुरता असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा.

म्हणजे तत्त्व ग्राहकाच्या बाजूचं आहे. सीट कव्हर बदललं म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारणं टिकणार नाही. पण बाहेरून हॉर्नची वायर कापून जोडली आणि नंतर इलेक्ट्रिकलमध्ये बिघाड आला, तर सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते. आणि एकदा नकार आला की तो खोडून काढण्याची धावपळ मालकाच्याच नशिबी येते.

नाकाडोंगरीसारख्या ठिकाणी ही धावपळ महाग पडते. मोठ्या कामासाठी भंडारा किंवा नागपूर गाठायचं, गाडी तिथे अडकून पडणार, बँकेचा हप्ता मात्र चालू. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर बिल लाखात जाऊ शकतं. म्हणून हिशोब आधी करायचा.

बिनधास्त करा: यात वॉरंटीला धक्का नाही

पहिल्या गोष्टीला तर पैसेच लागत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा आकडा असतो. बऱ्याच गाड्यांत फुल लोडसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. पाच माणसं घेऊन निघताना तो पाळला की गाडी हलकी चालते आणि टायरही तापत नाही. सहा महिने डिकीत पडलेलं सामान काढणं हाही एक फुकटचा पिकअपच आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. मायलेजच्या नादात चौथ्या-पाचव्यात रेंगाळत ओव्हरटेक करायला गेलं की गाडी मरते. छोट्या पेट्रोल इंजिनची ताकद वरच्या आरपीएमला येते. आधी तिसरा टाका, मगच ॲक्सिलरेटर दाबा. ऑटो गिअरची गाडी असेल तर मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो.

तिसरी गोष्ट टायर. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला नंबर याचा. चांगला टायर हॉर्सपॉवर वाढवत नाही, पण पावसात गाडी लवकर थांबते आणि वळणावर घट्ट राहते. त्याच साइजचा चांगल्या प्रतीचा टायर घेतला तर कुणाचीच हरकत नसते.

रुंद टायर हवा असेल तर बाहेरचा व्यास मोजा. अल्टोचा मूळ टायर १४५/८० आर१३. त्याचा व्यास येतो ५६२ मिलिमीटर. १६५/७० आर१३ चा येतो ५६१. जवळपास सारखाच. पण १५५/८० आर१३ घेतला तर ५७८, म्हणजे जवळजवळ तीन टक्के मोठा. मग स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार आणि गाडीचा पिकअप उलट घटणार. शिवाय रुंद टायर आपल्या रिमवर बसतो का, हे टायरवाल्याकडून आधी तपासून घ्या. दिसायला भारी म्हणून घेतलेले मोठे, जड अलॉय व्हील छोट्या इंजिनला आणखी दमवतात.

चौथी गोष्ट ब्रेक आणि दिवे. ब्रेक पॅड नामांकित कंपनीचे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले घ्या. हेडलाइटचा फोकस नीट करून घ्या. जंगलातल्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर, नीलगाय आडवी येते, तेव्हा पिकअपपेक्षा उजेड कामाला येतो. मात्र ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब टाकू नका. वायरिंग आणि होल्डर तापून वितळू शकतात. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बसवला तर समोरच्याचे डोळे दिपतात.

ऑइलची ग्रेड पुस्तिकेत लिहिलेलीच ठेवा. पिकअप वाढवणारी म्हणून विकली जाणारी ऑइलमधली औषधं टाकू नका.

विचार करून करा: इथे वाद होऊ शकतो

एअर फिल्टर. मूळ डब्यातच बसणारा, धुवून वापरता येणारा फिल्टर लावला तर फरक नावापुरताच पडतो. धुळीच्या रस्त्यावर तो नीट साफ झाला नाही किंवा तेल जास्त लागलं, तर हवेचा सेन्सर खराब होऊ शकतो. छोट्या साध्या इंजिनसाठी कंपनीचा स्वच्छ फिल्टर पुरेसा आहे.

थ्रॉटल कंट्रोलर. पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसणारी ही छोटी डबी. अर्धं पेडल दाबलं तरी ईसीयूला ती पाऊण दाबल्याचं सांगते. गाडी चपळ वाटते, पण एकही हॉर्सपॉवर वाढत नाही. पूर्ण पेडल दाबल्यावर आधी जेवढी ताकद मिळायची तेवढीच मिळते.

जास्तीचे दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम. हे मूळ वायर न कापता, कप्लर आणि रिलेवर लावता येतं. शक्यतो शोरूममधूनच लावून पक्कं बिल घ्या.

हात लावू नका

रिमॅप. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवून रिमॅपने ताकद खरंच वाढते. पण टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात हाती लागतात जेमतेम काही हॉर्सपॉवर. बदल्यात पणाला लागते पूर्ण इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी. सर्व्हिसला जाताना जुनं सॉफ्टवेअर परत टाकू, असंही सांगितलं जातं. पण अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, याची नोंद राहते.

ओबीडीची चिप. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची, काही शे रुपयांची, मायलेज आणि पिकअप दोन्ही वाढवणारी. अशा अनेक चिपा उघडून बघितल्यावर आत फक्त लुकलुकणारे दिवे निघाले आहेत.

सायलेन्सर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की बीएस६ गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीची अडचण होते. मोटार वाहन कायद्यातल्या आवाज आणि प्रदूषणाच्या कलमाखाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे वॉरंटीपेक्षा मोठा विषय येतो तो कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बाहेरून सीएनजी किट बसवायचं तरी ते मान्यताप्राप्त हवं आणि एमएच ३६ च्या आरटीओत आरसीवर नोंद हवी.

विम्याचंही तेच. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला, तर क्लेम अडकू शकतो.

ताकद हवीच असेल तर?

ती शोरूममध्येच विकत घ्या. टाटाने २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली होती. साध्या टियागोला ८५ च्या आसपास हॉर्सपॉवर, जेटीपीला टर्बोसह ११४ च्या आसपास. ती २०२० मध्ये बंद झाली, पण मार्ग दाखवून गेली. पुढे ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि २०२४ ची अल्ट्रोज रेसर सुमारे १२० हॉर्सपॉवर घेऊन आल्या. मारुतीची टर्बो फ्राँक्स सुमारे १०० ची. पैसे जास्त जातात, पण वॉरंटी, विमा आणि आरसी तिन्ही शाबूत राहतात.

वॉरंटी नाकारली तर काय करायचं?

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. जॉब कार्डवर किंवा ईमेलवर कारण लेखी मागा. कोणत्या बदलामुळे कोणता भाग कसा बिघडला, हे त्यात आलं पाहिजे. काढलेला भाग, बिलं आणि फोटो जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी मुंबईतून घेतली असली तरी भंडाऱ्यात राहणारा माणूस भंडाऱ्यातच तक्रार करू शकतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांत २०० रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची.

थोडक्यात, वॉरंटीची तीन वर्षं टायर, ब्रेक, दिवे आणि हवा यांच्यावर काढायची. तेवढ्यानेही गाडी हातात आल्यासारखी वाटली नाही, तर प्रश्न पार्टचा नसून गाडीच्या निवडीचा आहे, आणि त्याचं उत्तर पुढची गाडी घेताना मिळेल.