जुन्या तारांवर नवा रेकॉर्डर

गेल्या वर्षभरात दुकानदार बांधवांकडून आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला गेला आहे. दुकानात किंवा कारखान्यात आठ-दहा वर्षांपूर्वी बसवलेले चार-सहा कॅमेरे आहेत, चित्र पुसट येते, एखादा बंदच पडला आहे. कॅमेरेवाला येतो, मान हलवतो आणि म्हणतो, "शेठ, हे सगळे काढून टाका, आता आयपीचा जमाना आहे." दुसरा येऊन सांगतो, "काही काढू नका, हायब्रीड बसवा, सगळे चालेल." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे आणि दोघांनाही आपला माल विकायचा आहे. तेव्हा या विषयावर आमचे मत एकदा सविस्तर मांडावे असे ठरवले.

आधी एक घडलेली हकिगत. आमच्या परिचयातील एका सूत व्यापाऱ्याच्या गोदामात महिनाअखेरीस मोजणी झाली तेव्हा अकरा गोण्या कमी भरल्या. गोदामात आठ कॅमेरे होते, रेकॉर्डरही नवाच होता. किल्ल्या ज्याच्याकडे असत त्या पोरावर संशय गेला. रेकॉर्डर उघडून पाहिला तर मागच्या सहा दिवसांचेच चित्रण. त्याआधीचे सारे पुसून त्यावर नवे चढलेले. पोराने परोपरीने सांगितले, पण दाखवायला काही नव्हते. तो काम सोडून गेला. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाशी हिशेब मिळवताना त्या अकरा गोण्या सापडल्या. चलन लिहिताना चूक झाली होती आणि माल जादा गेला होता. पोराला बोलावणे धाडले, तो आला नाही. कॅमेऱ्यांवर त्या शेठने हात आखडला नव्हता. रेकॉर्डरमधली डिस्क किती दिवस पुरेल, एवढा एक प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारला नव्हता.

आता हायब्रीड म्हणजे काय ते पाहू. जुना डीव्हीआर अॅनालॉग कॅमेऱ्याचे, म्हणजे गोल कोअॅक्सियल तारेतून येणारे चित्र घेतो. एनव्हीआर आयपी कॅमेऱ्याचे, म्हणजे नेटवर्कच्या तारेतून येणारे चित्र घेतो. हायब्रीड दोन्ही घेतो. बाजारात त्याला एक्सव्हीआर असेही म्हणतात. खोक्यावर 'फाइव्ह इन वन' छापलेले असते. हे पाच म्हणजे जुना साधा अॅनालॉग, एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय आणि आयपी. यातील मधले तीन हे कोअॅक्सियल तारेवरूनच एचडी चित्र पाठवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. म्हणजे तार तीच ठेवून नुसता कॅमेरा आणि रेकॉर्डर बदलला तरी चित्र कितीतरी सुधारते. ही गोष्ट पहिला कॅमेरेवाला सांगत नाही, कारण नवी तार ओढण्याची मजुरी त्यालाच मिळायची असते.

आमचे स्पष्ट मत असे की ज्याच्या भिंतीत चांगली तार आधीच आहे त्याने हायब्रीड घ्यावा, आणि ज्याची जागा नवी आहे त्याने घेऊ नये. नव्या जागेत एक तार ना दुसरी. तेथे सरळ नेटवर्कची तार टाकून एनव्हीआर बसवावा किंवा पैसा कमी असेल तर सगळेच कॅमेरे एचडी अॅनालॉग ठेवावेत. दोन घोड्यांवर बसण्याचे कारण नाही. एक अपवाद मात्र आहे. नेटवर्कच्या तारेची मर्यादा १०० मीटरची; त्यापुढे मध्ये स्विच लावावा लागतो. चांगल्या कोअॅक्सियल तारेवर एचडी अॅनालॉग चित्र त्याहून बरेच दूर जाते. दुकान पुढे आणि गोदाम गल्लीच्या टोकाला असे ज्यांचे आहे, त्यांना दोन्ही प्रकार लागू शकतात.

तार चांगली आहे की नाही हे मात्र रेकॉर्डर घेण्याआधी तपासावे. आपल्याकडे बहुतेकांनी 'थ्री प्लस वन' नावाची तार टाकलेली असते. स्वस्त मालात तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम किंवा लोखंड निघते. जुन्या पुसट चित्राला अशी तार कशीबशी निभावून नेते, पण त्याच तारेवर पाच मेगापिक्सलचा कॅमेरा लावला की चित्र थरथरते, रात्री तर नाहीसेच होते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बीएनसीच्या पिना गंजतात, ते वेगळेच. उपाय सोपा आहे. नवा एक कॅमेरा आणि नवा रेकॉर्डर आणायला लावून तो सर्वांत लांबच्या तारेवर जोडून पाहावा, तोही रात्री. ती तार पास झाली तर बाकीच्यांची फारशी चिंता नाही.

चॅनेलचा हिशेब हा दुसरा घोळ. आठ चॅनेलचा हायब्रीड म्हणजे काय? काही मॉडेलांत आठ अॅनालॉग आणि त्यावर वरकड दोन किंवा चार आयपी चालतात. काहींत आयपी कॅमेरा घेतला की तेवढे अॅनालॉग चॅनेल बंद करावे लागतात. काहींत माणूस ओळखण्याची सोय चालू केली की वरकड आयपी चॅनेल कमी होतात. तेव्हा विक्रेत्याला 'किती चॅनेल' असे मोघम विचारू नये. "माझे सहा जुने आणि दोन नवे आयपी, सर्व सोयी चालू ठेवून एका वेळी दिसतील काय?" असे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. आयपी कॅमेऱ्यांना वीज त्याच तारेतून द्यायची तर पीओई स्विच लागतो आणि तो बहुतेक हायब्रीडमध्ये नसतो, बाहेरून घ्यावा लागतो. कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसरीचा असेल तर दोन्हींवर ऑनव्हिफ हा शब्द असावा. तो असला तरी चित्र येईल एवढीच खात्री. कॅमेऱ्याच्या खास करामती दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चालतीलच असे नाही.

खोक्यावरच्या आकड्यांविषयीही एक सावधगिरी. '१०८०एन' किंवा 'लाइट' असे लिहिलेले असेल तर ते पुरे १०८० नव्हे; त्यात चित्राची रुंदी जवळजवळ निम्मी नोंदवली जाते आणि पडद्यावर ताणून दाखवली जाते. गल्ल्यावरच्या नोटा आणि दारातले चेहरे अशा चित्रात ओळखू येणे कठीण. तसेच मोठ्या मेगापिक्सलवर काही रेकॉर्डर सेकंदाला २५ ऐवजी १२ किंवा १५ चित्रेच घेतात. गोदामाला ते चालते. रमजानच्या शेवटच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत गजबजलेल्या कापडाच्या दुकानात, जेथे एक हात काउंटरवरून क्षणात फिरतो, तेथे पुरा वेग हवा. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच माप लावण्याची गरज नाही. दार आणि गल्ला या दोन जागी नवे आयपी कॅमेरे, बाकी ठिकाणी जुन्या तारेवरचे, ही वाटणी आम्हाला बहुतेक मध्यम दुकानांना योग्य वाटते. खरे सांगायचे तर हायब्रीडचा उपयोगच तो आहे.

आता डिस्क. याबाबतीत आपले व्यापारी एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारे असूनही डोळे मिटून घेतात. हिशेब असा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने लिहीत असेल तर दिवसाला २१.६ जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे सुमारे १७३ जीबी. विक्रेता कौतुकाने फुकट देतो ती १ टीबीची डिस्क यात सहा दिवसही धड पुरत नाही. तीस दिवस ठेवायचे तर सव्वापाच टीबीच्या जवळपास जागा लागते, म्हणजे बाजारात ६ टीबीची डिस्क. वेग ४ मेगाबिट केला की सारे दुप्पट. रेकॉर्डर आणि कॅमेरा दोन्ही एच.२६५ पद्धतीचे असतील तर जुन्या एच.२६४ च्या मानाने पुष्कळ जागा वाचते, तेव्हा तेवढे पाहून घ्यावे. रेकॉर्डर जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क स्वीकारतो, हेही विचारावे.

विक्रेते म्हणतात, "हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड होईल, जागा वाचेल." बंद गोदामात हे खरे आहे. पण यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसपाळी-रातपाळी धोटे पळत असतात, बीम फिरत असतो. तेथे हालचाल थांबतेच कधी? तेथे पूर्ण वेळेचाच हिशेब धरावा. आणि डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्सची म्हणून मिळते तीच घ्यावी. जुन्या संगणकातली काढून बसवलेली डिस्क नेमकी हवी त्या दिवशी दगा देते.

आपल्या माणसाची मोजणी महिन्याला होत असेल तर चित्रण महिन्याहून थोडे अधिक टिकले पाहिजे. आठवड्याला होत असेल तर पंधरा दिवसही पुष्कळ. कॅमेऱ्यांची संख्या ठरवण्याआधी हा आकडा ठरवावा. पैसे कमी पडले तर आम्ही एक कॅमेरा कमी करायला सांगू, डिस्क कमी करायला सांगणार नाही.

रेकॉर्डर ठेवण्याची जागाही पाहावी. मागाच्या खात्यात उडणारी रुई त्याच्या पंख्यात भरते आणि उन्हाळ्यात तो तापून बंद पडतो. तो ऑफिसात, कुलपाच्या कपाटात, पण हवा खेळेल असा ठेवावा. वीज जाते तेव्हाच चोरीची भीती अधिक, म्हणून कॅमेरे आणि रेकॉर्डर दोन्ही यूपीएसवर हवेत. पीओई स्विच विसरला तर आयपी कॅमेरे पहिल्यांदा आंधळे होतात.

पोलीस आणि कोर्टाविषयी दोन शब्द. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. तेथे प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचाच होता. मूळ यंत्र कोर्टात हजर केले नाही तर नकलेसोबत कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने ठरवले. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. मोबाईलने पडद्याचे शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर पाठवले की काम झाले असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चोरी कळताच मूळ चित्रण पेनड्राइव्हवर उतरवावे, रेकॉर्डरमधले पुसले जाऊ नये म्हणून रेकॉर्डिंग थांबवावे लागले तरी थांबवावे, आणि पोलिसांना लेखी कळवावे. रेकॉर्डरचे घड्याळ दर महिन्याला पाहावे. घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल तर समोरचा वकील त्यावरच दिवस काढतो.

पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर काबीज केले, ते कंपनीने घातलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी बंधनकारक झाली आहे. बिलावर मॉडेलचा नंबर लिहून घ्यावा म्हणजे ते तपासता येते. पण बसवणाऱ्या पोरालाच पासवर्ड ठाऊक असेल तर चाचणी काय करणार? आपल्या अनेक कारागिरांचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली आहे. पुढे जरीचे काम, मागे संसार. दुपारी त्याच खोलीत बायका शिवणकाम घेऊन बसतात. तेथला कॅमेरा कामाच्या टेबलापुरताच रोखावा, मुनीमाला वेगळे खाते देऊन दुकानाचेच कॅमेरे दाखवावेत आणि मुख्य पासवर्ड मालकाने स्वतः, बसवणारा निघून गेल्यावर बदलावा.

सौदा ठरवताना आमची एक सूचना आहे. सगळे पैसे बसवल्या दिवशी चुकते करू नयेत. थोडी रक्कम महिनाभर हाती ठेवण्याचे आधीच बोलून घ्यावे, तसे बिलावर लिहावे. तिसाव्या दिवशी कॅमेरेवाल्याला बोलवावे, पहिल्या दिवसाचे चित्रण त्याच्याकडून उघडून घ्यावे, पेनड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावे आणि मग उरलेले पैसे द्यावेत.