ज्यांचं सर्व्हिस मॅन्युअल कधी छापलंच नाही

चेन्नईत अण्णा सालैवरून चिंताद्रिपेटकडे वळलं की रिची स्ट्रीट लागते. शेजारच्या नरसिंगपुरम स्ट्रीटसह इथे दुकानांची दाटी आहे, आणि रेझिस्टरपासून लॅपटॉपच्या पॅनेलपर्यंत सारं त्या काही गल्ल्यांत मिळतं. ज्याने मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घातली आहे, त्याला तिथे अनोळखी वाटणार नाही. जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीवरचा हा अंक चेन्नईपासून सुरू करण्याचं कारण मात्र बाजार हे नाही. आपल्या बाकावर येणाऱ्या या यंत्रांना जे जे भोगावं लागतं, ते त्या शहरात एकाच जागी दिसतं: खारी हवा, मे महिन्याचा उकाडा, पुराचं पाणी, आणि मुळात कागदपत्रांशिवाय जन्मलेली यंत्रं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३मध्ये विक्रीला आला. भारतातल्या बहुसंख्य घरांत तो त्या नावाने कधी पोचलाच नाही. नव्वदच्या दशकात सेगाचं मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसमार्फत रीतसर इथे आलं, पण त्याची किंमत होती ₹१८,०००च्या घरात. मध्यमवर्गीय घराने घेतला तो क्लोन. मीडिया, समुराई, लिटल मास्टर ही नावं आजही गिऱ्हाईक आपल्याला सांगतं. चेन्नईत बीच स्टेशनजवळच्या बर्मा बाजारात, म्हणजे ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी उभ्या केलेल्या त्या रांगेत, परदेशी मालाबरोबर अशी खोकी आणि 'कॅसेटी' मिळत. त्यातल्या अनेक यंत्रांत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप असत. ना सर्किटचा नकाशा, ना भागांची यादी, ना सर्व्हिस सेंटर. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन वेगळे बोर्ड निघतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की या यंत्रांचा दुरुस्तीकार हाच त्यांचा एकमेव नोंदकर्ता आहे. मूळ फॅमिकॉमचे नकाशे जगभरच्या हौशी लोकांनी काढून ठेवले. आपल्याकडच्या क्लोनचं तसं काम कोणी केल्याचं माझ्या माहितीत नाही, आणि ते बोर्ड दर महिन्याला भंगारात जात आहेत.

हे केवळ हळहळीने लिहीत नाही. नोंद नसली की दुरुस्ती चुकते, याचं उत्तम उदाहरण क्रिस्टल. मूळ जपानी यंत्रात २१.४७७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा आकडा एनटीएससी रंगाच्या ३.५८ मेगाहर्ट्झ उपवाहकाच्या सहापट. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, त्याचा उपवाहक ४.४३ मेगाहर्ट्झ, म्हणून पालसाठी बनलेल्या क्लोनमध्ये त्याची सहापट, २६.६०१ मेगाहर्ट्झ. चिपची जोडीही बदलते: यूए६५२७ बरोबर यूए६५२८ असेल तर एनटीएससी, यूए६५२७पी बरोबर यूए६५३८ असेल तर पाल. 'रंग येत नाही' अशी तक्रार आली आणि हाताशी असलेला क्रिस्टल बसवला, तर यंत्र पूर्वीपेक्षा जास्त बिघडतं. आधी चिपवरचे क्रमांक वाचा, मग क्रिस्टलवरचा आकडा, मग क्रिस्टलजवळ छोटा ट्रिमर असेल तर तो अगदी हलक्या हाताने फिरवून पाहा. बऱ्याचदा रंग तिथेच परत येतो.

याच चिपमध्ये एक गंमतही दडलेली आहे. युरोपात विकलेल्या अधिकृत पाल यंत्रात प्रोसेसरचा वेग १.६६ मेगाहर्ट्झपर्यंत उतरतो, त्यामुळे संगीताचा सूरही खाली येतो. यूएमसीच्या पाल जोडीत प्रोसेसर १.७७३ मेगाहर्ट्झवर चालतो, जपानी यंत्राच्या १.७९०च्या अगदी जवळ. म्हणजे सूर जवळपास जागेवर राहतो. चित्र मात्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा रंगतं, आणि बहुतेक खेळांचं संगीत चित्राच्या त्या ठेक्याला बांधलेलं असल्याने गाणं सहाव्या हिश्शाने सावकाश चालतं. ज्या घरात असा क्लोन होता, त्या घरातल्या मुलांनी मारिओ जपान किंवा अमेरिकेतल्या मुलांपेक्षा संथ लयीत ऐकला. चाळिशीतलं गिऱ्हाईक जुनं खोकं घेऊन येतं, तेव्हा त्याला तीच लय हवी असते. आतला बोर्ड काढून बाजारातला नवा, काळ्या ठिपक्याखाली सगळं दडवलेला एनटीएससी बोर्ड बसवून दिला, तर यंत्र चालू होतं पण त्याची वस्तू त्याला परत मिळत नाही. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. नाइलाज असेल तर गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगावं आणि जुना बोर्ड त्याच्या हवाली करावा.

आता हवा आणि पाणी. कोकणपट्टीतल्या वाचकांना खाऱ्या दमट हवेबद्दल मी काय सांगणार? नकली कॅसेटींच्या कडेवर सोन्याचा मुलामा नावापुरता असतो. तो गेला की खालचं तांबं हिरवं पडतं. त्यात आपण सगळ्यांनी लहानपणी तोंडाने फुंकर मारून कॅसेट 'चालू' केलेली. चालायची ती पुन्हा आत-बाहेर केल्यामुळे, फुंकरीतली ओल मात्र तांब्यावर राहून जायची. पॉलिश पेपर लावू नका, उरलासुरला मुलामाही निघेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड, एवढ्यावर बहुतेक कॅसेटी सुधारतात. यंत्रातला साठ पिनांचा सॉकेटही तपासा, पिना सैल होतात.

डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईतल्या असंख्य घरांतलं तळमजल्यावरचं सामान पाण्यात गेलं. आपल्याकडे मुंबईने जुलै २००५ आणि चिपळूणने जुलै २०२१मध्ये तेच पाहिलं. पुरात भिजलेलं यंत्र आलं तर गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारा: सुकल्यावर लावून पाहिलंत का? लावलं नसेल तर आशा बरीच असते. गाळ पाण्यापेक्षा वाईट. तो ओल धरून ठेवतो आणि पुढे महिनोन्महिने बोर्डावरचे ट्रॅक कुरतडतो. बोर्ड उघडा, स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, नंतर अल्कोहोलने, आणि आयसीच्या खाली अडकलेलं पाणी पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नका.

बंद पडलेल्या यंत्रांत अडॅप्टरचा दोष इतका सर्रास असतो, की मीटर आधी तिथे लावावा. मूळ फॅमिकॉम आणि पहिलं मेगा ड्राइव्ह यांच्या पिनेत मध्यभागी ऋण असतं, दुसऱ्या मेगा ड्राइव्हमध्ये धन. क्लोन दोन्ही तऱ्हांचे सापडतात. नऊ व्होल्टच्या जागी कोणी बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला असेल तर ७८०५ची अवस्था पाहा: अर्धा अँपिअर प्रवाह धरला तर नऊ व्होल्टला तो दोन वॉट उष्णता सोसतो, बाराला साडेतीन. चेन्नईच्या मे महिन्यात, चिमुकल्या पत्र्याच्या हीटसिंकवर, तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. 'अर्ध्या तासाने आपोआप बंद होतं' ही तक्रार बहुधा हीच. आणि ७८०५ नवा घेतला तरी भार देऊन मोजा. खोटे आणि काढलेले भाग सगळ्याच बाजारांत फिरतात.

पाच व्होल्ट नीट असतील, संगीत वाजत असेल आणि चित्रात कचरा दिसत असेल, तर प्रोसेसर जिवंत आहे. त्याच्याकडे हात नेऊ नका. आधी दुसरी कॅसेट, मग चित्राच्या बाजूची मेमरी, म्हणजे ६११६, आणि तिच्याजवळचा ७४एलएस३७३. हे दोन्ही भाग सुटे बसवलेले असतील तर अजून मिळतात. रिमोटचं एखादंच बटण जात असेल तर आतलं रबर, सगळीच जात असतील तर वायर. पाच तारा असतात, मीटरचा बीप लावून प्लगजवळ वाकवून पाहा. डिस्कवाल्या यंत्रांचा विचार पुढच्या अंकात सविस्तर करू. तोवर लेझरचा छोटा पॉट फिरवण्याचा मोह आवरा, आधी भिंग पुसा आणि रुळांवरचं वाळलेलं ग्रीस काढा.

एक गोष्ट मात्र आत्ताच करण्यासारखी आहे. तमिळनाडू सरकारने २००६पासून चौदा इंची रंगीत टीव्ही घरोघर मोफत वाटले, दीड कोटींहून अधिक. ते सगळे जुन्या काचेच्या नळीचे, आणि आता भंगारात जात आहेत. महाराष्ट्रातही तसे टीव्ही माळ्यांवर पडून आहेत. तुमच्या बाकावर असा एक टीव्ही असायलाच हवा. या यंत्रांचा सिग्नल अनेक एलसीडी टीव्ही नीट स्वीकारत नाहीत, पडदा काळा राहतो, आणि चांगलं यंत्र मेलेलं ठरतं. बंदुकीचे खेळ तर नळीशिवाय चालतच नाहीत, कारण बंदूक नळीतून निघणारा प्रकाश टिपते. टीव्ही उघडावा लागला तर अ‍ॅनोडवर वीस हजारांहून जास्त व्होल्ट उरलेले असू शकतात हे लक्षात ठेवा; डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्या कंपन्यांनी तिथे माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. ते पाऊल चांगलंच आहे, पण ज्या यंत्रामागे उत्तर द्यायला कंपनीच नाही, त्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून पुढच्या महिन्यापासून या मासिकाची दोन पानं अशा बोर्डांसाठी राखून ठेवत आहोत. बोर्ड उघडलात की सोल्डर तापवण्याआधी दोन्ही बाजूंचे सरळ उजेडातले फोटो काढा. बोर्डावर छापलेला क्रमांक, प्रत्येक आयसीवरची अक्षरं, क्रिस्टलचा आकडा, अडॅप्टरच्या पिनेची दिशा, ७८०५च्या आधीचा आणि नंतरचा व्होल्टेज, आणि यंत्र कोणत्या गावातून आलं, एवढं लिहून पाठवा. गिऱ्हाईकाचं नाव नको. बिघाड सापडला नसेल तरी पाठवा, दुसऱ्या कोणाकडे तसाच बोर्ड चालू स्थितीत असू शकतो. चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूमधल्या मराठी कारागिरांनीही पाठवावं. तिथल्या बाजारांत आलेले बोर्ड आपल्याकडच्यांपेक्षा वेगळे होते का, हे ताडून पाहता येईल. पहिल्या पानावर पाल जोडीच्या बोर्डाचा नकाशा छापायचा विचार आहे. यूए६५३८ असलेलं खोकं ज्यांच्या बाकावर आत्ता उघडं पडलेलं आहे, त्यांनी फोटो या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पोचतील असे पाठवावेत.