पाहुणा की गिऱ्हाईक?

सुट्टी लागली की गडहिंग्लजची कुटुंबे आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून मालवणकडे निघतात. आपली हिरण्यकेशी आंबोलीहून इकडे येते. माणसे इकडून तिकडे जातात.

कर्ली नदीच्या खाडीकाठी, तारकर्ली-देवबागला, माडांच्या सावलीतली घरे पाहुण्यांना उतरवून घेतात. होडीतून खाडीची फेरी, दुपारी मासळी-भात आणि सोलकढी. पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आणि १९९७ साली सिंधुदुर्गाला मिळालेला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा यांनी या सोयीला बळ दिले. मासळीचा भरवसा नसतो. खोलीचे भाडे मात्र थेट त्या घराच्या चुलीपर्यंत पोचते.

पण रात्री उशिरापर्यंत गोंगाट, बाटल्या खाडीत आणि घरच्या बाईवर हुकूम, हे काही पाहुण्याचे लक्षण नव्हे. भाडे दिले म्हणजे घर विकत घेतले, असे होत नाही.

२०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण आणले. उद्या सामानगड पाहायला, गुऱ्हाळावर ताजा गूळ चाखायला आलेले कुटुंब आपल्या सोप्यात उतरेल. तेव्हा ते कसे वागावे असे आपल्याला वाटेल? खाडीकाठी आपणही तसेच वागावे.